ओल बाहेर जाऊ द्या

अहिल्यानगर जिल्ह्याचे नाव घेतले की पाऊस आठवत नाही, दुष्काळ आठवतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेला हा मुलूख. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर या तालुक्यांना पाण्याचा टँकर नवा नाही आणि जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास. अशा कोरड्या प्रदेशातली जुनी घरे ओलीने खचत असतील तर ते नवलच म्हणायला हवे. पण संगमनेर, श्रीगोंदे, नेवासे, कोपरगाव किंवा खुद्द नगर शहरातला माळीवाडा, कुठेही जुन्या वाड्याची भिंत नीट पाहिली तर कमरेच्या उंचीपर्यंत काळपट पट्टा दिसतो, त्यावर पांढरा लोणा फुललेला असतो, गिलावा फुगून पोकळ वाजतो आणि त्याच्या खालून विटेचा भुगा गळत असतो. वर आढ्याजवळ आणि पन्हळीच्या खाली ओलीचे ओघळ वेगळेच. मालक म्हणतात, वाडा म्हातारा झाला, आता त्याचे दिवस भरले. हे निदान पुष्कळदा चुकीचे असते. यांतल्या अनेक भिंती दीडशे-दोनशे वर्षे धडधाकट होत्या आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ढासळू लागल्या. पाऊस तोच आहे आणि वीटही तीच आहे. मधल्या काळात बदलली ती दुरुस्ती. जुन्या विटांच्या बांधकामात पाणी शिरते त्याने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान शिरलेल्या पाण्याला परत बाहेर पडता न आल्याने होते. सिमेंटने केलेली डागडुजी नेमकी हीच वाट बुजवते. एवढेच या लेखाचे म्हणणे आहे आणि ते पटण्यासाठी आधी जुने घर कसे घडले आहे ते पाहावे लागेल.

या भागातला वाडा म्हणजे खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा, आणि त्या सांगाड्याच्या भोवती पातळ भाजक्या विटांच्या जाड भिंती. विटा गावच्याच भट्टीत लाकूडफाट्यावर भाजलेल्या, त्यामुळे आजच्या मानाने मऊ आणि सच्छिद्र. त्या बसवल्या चुन्यात, आणि ऐपत कमी असेल तिथे पांढऱ्या मातीत. चुना बहुधा जवळपासच्याच कंकराचा, म्हणजे नदीकाठी आणि शेतात सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांचा. हे खडे भाजून कळीचा चुना करायचा, तो पाण्यात विरवायचा, मुरू द्यायचा, आणि मग वाळू व सुरखी म्हणजे विटांची पूड घालून बैलांच्या घाण्यात मळायचा. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असे पदार्थही गरजेप्रमाणे पडत. कंकरात थोडी माती मिसळलेली असते म्हणून त्याचा चुना ओलसर जागीही धरतो, आणि सुरखीने हा गुण वाढतो. १४९० मध्ये मलिक अहमदने नगर शहर वसवले तेव्हापासून निजामशाहीची सारी बांधकामे याच ज्ञानावर उभी राहिली. १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराह बाग तर तलावाच्या मधोमध बांधलेला महाल. भोवती पाणी खेळवायचे हे ठरवूनच तो चुन्यात उभा केला आणि त्याच्या गिलाव्याचे अवशेष आजही पाहायला मिळतात. कापूरवाडी, भिंगार, शेंडी अशा ठिकाणांहून शहरात पाणी आणणारे खापरी नळही त्याच काळातले. चुना पाण्यात टिकत नाही असे म्हणणाऱ्याने या शहराकडे एकदा पाहायला हवे.

आता छपराकडे. घराच्या वरच्या भागाला पाऊस सर्वांत आधी आणि सर्वांत जोराने लागतो. इंग्लंडसारख्या पावसाळी देशात हा भाग म्हणजे विटांची चिमणी. छपराच्या वर एकटी उभी, चारही बाजूंनी वारा-पाऊस खाणारी आणि माथ्यावर उघडी, त्यामुळे जुन्या घराची दुरुस्ती तिथे बहुधा चिमणीपासून सुरू होते. आपल्याकडे अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर, रतनवाडी या बाजूला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथल्या घरांनी चिमणी कधी बांधलीच नाही. उतरते छप्पर, खाली झुकलेली वळचण आणि धूर कौलांच्या किंवा गवताच्या फटींतून आपला आपण बाहेर, अशी तिथली रीत. जिल्ह्याच्या कोरड्या भागात मात्र घर धाब्याचे, म्हणजे माळवदाचे. तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर. चुलीच्या वर या थरात एक चौकोनी भोक ठेवलेले असते. तेच साणे, या मुलखाचे धुराडे. त्यातून धूर जातो, उजेड येतो, आणि पावसात त्यावर काहीतरी झाकण ठेवले जाते. पाणी आत ओघळू नये म्हणून भोकाभोवती विटांचा किंवा मातीचा उंचवटा करतात. साण्याची कड, धाब्याच्या कडेची भिंत, पन्हळीचे तोंड आणि दोन घरांमधली सामाईक भिंत ही चार ठिकाणे सांभाळली तर खालचा वाडा आपोआप सांभाळला जातो, कारण भिंतीत उतरणारे बरेचसे पाणी इथूनच उतरते. प्रत्यक्षात होते उलटेच. वरचे पन्हळ तुंबलेले, कडेला पिंपळाचे रोप तरारलेले, आणि खर्च चाललेला असतो खाली दिवाणखान्याच्या भिंतीला नवा गिलावा करण्यावर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

भिंतीत थोडे पाणी शिरतेच. विटांची कुठलीही भिंत पूर्ण कोरडी नसते, आणि जुन्या गवंड्यांनी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. पावसात भिंत पाणी प्यायची आणि उघडीप मिळाली की ते हवेत सोडून द्यायची, असा तो हिशेब होता. पाण्याच्या माठासारखेच हे आहे. माठ गार राहतो कारण त्याच्या अंगातून ओल झिरपून उडून जाते, त्याला बाहेरून ऑइलपेंट फासला तर पाणी आतच राहते. भिंतीत ही झिरप मुख्यतः विटांमधल्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून होते, कारण चुना विटेपेक्षाही सच्छिद्र. इथे नगर जिल्ह्याचे कोरडे हवामान मोठे वरदान ठरते. कोकणातल्या भिंतीला चार महिने सुकायला सवडच मिळत नाही. इथे मात्र पावसाळ्यातही मोठमोठे खंड पडतात आणि दिवाळीनंतर जवळजवळ सात-आठ महिने कोरडे ऊन आणि वारा मिळतो. चुन्यात बांधलेली, चुन्याचाच गिलावा असलेली भिंत एवढ्या काळात आतपर्यंत वाळते आणि पुढच्या मृगाला नव्याने सज्ज होते. निसर्गाने फुकट दिलेले हे औषध आहे, फक्त ते भिंतीच्या अंगाला लागले पाहिजे.

सिमेंटने तेच बंद केले. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये घेतले. भारतात १९०४ मध्ये मद्रासला एक प्रयत्न झाला आणि व्यवस्थित उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या बहुतेक जुन्या वाड्यांचा जन्म सिमेंट ठाऊक नसलेल्या काळातला. पुढे सिमेंट स्वस्त झाले, गावोगावच्या दुकानांत मिळू लागले, एका दिवसात घट्ट होते म्हणून गवंड्यालाही सोयीचे पडले, आणि मग जुन्या भिंतींच्या दर्जा सिमेंटने भरल्या गेल्या, वर सिमेंटचा गिलावा चढला, त्यावर प्लास्टिक पेंट. सिमेंटचा गिलावा कडक असतो आणि जुनी भिंत थोडी हलती. मे महिन्यात चाळिशी ओलांडणारे ऊन, डिसेंबरात दहा अंशांच्या आसपास उतरणारी थंडी, लाकडी सांगाड्याचे फुगणे-आकसणे, हे सारे चुना मुकाट सोसतो. सिमेंटला मात्र केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. पावसाचे पाणी या भेगांतून सहज आत ओढले जाते आणि आत गेल्यावर परतायला तशीच केसाएवढी वाट उरते. ओल भिंतीच्या गाभ्यात साठते, तुळयांची भिंतीत रोवलेली टोके कुजतात, वाळवी येते, आणि बाहेरून सारे गुळगुळीत दिसत असल्याने कुणाला पत्ताही लागत नाही. एखाद्या पावसाळ्यात तुळई निसटते तेव्हा दोष वाड्याच्या वयाला दिला जातो.

याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. सिमेंटने दर्जा भरलेली जुनी विटांची भिंत वीस-पंचवीस वर्षांनी पाहावी. विटा झिजून आत गेलेल्या असतात आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या जाळीसारख्या पुढे आलेल्या दिसतात. चुन्याच्या जुन्या भिंतीत याच्या नेमके उलट होते. विटा शाबूत, मधल्या दर्जा झिजून आत गेलेल्या. कारण साधे आहे. जमिनीतून आणि पावसातून आलेल्या पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी ज्या जागी हवेत उडते, त्या जागी क्षारांचे स्फटिक होतात, आणि वाढणारे स्फटिक भोवतालचे कण उखडत जातात. चुन्याच्या भिंतीत पाणी दर्जेतून उडते म्हणून झीज दर्जेची होते. ती पुन्हा भरता येते, काही दशकांनी एकदा. दर्जा सिमेंटची झाली की पाणी विटेच्या तोंडातून बाहेर पडते आणि तुकडे विटेचे पडतात. दर्जा परत भरता येते, वीट परत भरता येत नाही. जुन्या बांधकामात दर्जेने विटेसाठी झिजायचे असते. झिजणारी ही दर्जा अशक्त म्हणून काढून तिच्या जागी विटेपेक्षा बळकट काहीतरी घालणे हा सगळ्या चुकीचा उगम आहे.

जिल्ह्याच्या उत्तर भागात या क्षारांचा प्रश्न अधिक तीव्र आहे आणि त्याची मुळे शेतीत आहेत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांनी राहुरी, श्रीरामपूरकडची जमीन ओलिताखाली आली. कोपरगाव, राहात्याकडे गोदावरीचे कालवे होतेच. उसाने या भागाला समृद्धी दिली, कारखाने दिले, प्रवरानगरला सहकाराचा पाया घातला. पण सतत पाणी मुरल्याने अनेक ठिकाणी भूजल वर आले आणि जमिनी खारवटल्या, चोपण झाल्या. शेतातला हा क्षार घराच्या जोत्यालाही लागतो. अकोल्याच्या डोंगरात पडलेला पाऊस कालव्यातून असा श्रीरामपूरच्या भिंतीत चढतो. त्यात वाड्याचा मातीचा किंवा फरसबंद चौक सिमेंटने गुळगुळीत केला, पेव्हिंग ब्लॉक बसवले, की जमिनीतली जी ओल चौकातून उडून जात होती तिला भिंतीशिवाय दुसरी वाट राहत नाही. मग ओल दिसू नये म्हणून कमरेपर्यंत टाइल्स लावल्या जातात आणि वर्षा-दोन वर्षांत ओलीचा पट्टा टाइल्सच्या वर डोके काढतो. प्रत्येक उपाय ओलीला आणखी वर ढकलतो, आणि प्रत्येकाचे बिल वेगळे असते.

याच काळात चूलही घरातून गेली. गॅस आधी शहरांत आला, मग गावांत, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर वाड्या-वस्त्यांवरही पोहोचला. हा फार चांगला बदल आहे. धुराने डोळे आणि फुप्फुसे जळालेल्या बायकांच्या पिढ्या या घरांत राबल्या आहेत. जुन्या घराच्या प्रेमापोटी कुणी चुलीचे गोडवे गात असेल तर त्याच्याशी माझे जमणार नाही. पण घराच्या दृष्टीने काय झाले ते समजून घेतले पाहिजे. रोजच्या विस्तवाची ऊब भिंत सुकवत होती, धूर तुळयांना कीड लागू देत नव्हता, आणि साण्यातून गरम हवा वर जाताना घरातला दमटपणा घेऊन जात होती. चूल गेली तेव्हा साणे निरुपयोगी ठरले आणि ते पत्र्याने, प्लास्टिकने किंवा सरळ सिमेंटने बंद करण्यात आले. इंग्लंडमधल्या चिमण्यांचेही असेच झाले. शेकोट्या थंड पडल्या, तोंडे बुजवली गेली, आणि आतून ऊब मिळेनाशी झाल्याने चिमण्या कायम ओल्या राहू लागल्या. तिथले जाणकार आता बंद चिमणीलाही वर आणि खाली हवेची वाट ठेवा असे सांगतात. साण्यालाही तेच करावे. पावसाचे पाणी अडेल असे थोडे उंच झाकण आणि त्याच्या चारही बाजूंनी जाळी, म्हणजे हवा खेळती राहते. चूल परत आणायची गरज नाही, साण्याने नुसता वारा वाहिला तरी पुरे.

या सगळ्यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप ताकदीचा. सिमेंट चुन्यापेक्षा कितीतरी मजबूत, मग मजबूत वस्तू सोडून कमकुवत का घ्यायची? सिमेंट मजबूत आहे यात शंका नाही. पूल, धरणे, उंच इमारती त्याच्याशिवाय होणार नाहीत. पण वाड्याची दोन-अडीच फूट जाडीची भिंत आपल्या वजनाने आणि जाडीने उभी असते, तिला दर्जेकडून पुलाची ताकद नको असते. तिला हवी असते सवड, म्हणजे थोडे हलण्याची आणि वाळण्याची मुभा. जॉन मार्शल हे तेव्हा पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. त्यांनी १९२३ मध्ये जुन्या वास्तूंच्या जतनाची जी पुस्तिका काढली तिचे सारे वळण जुन्या साहित्याला आणि पद्धतीला धरून राहण्याचे आहे. आजही स्मारकांच्या दुरुस्तीत चुन्याचा आग्रह धरला जातो तो हौसेपोटी नाही. सिमेंटच्या डागांनी काय होते ते या खात्याला आपल्याच स्मारकांवर पाहावे लागले आहे. बांधकामाचा हा नियम किल्ल्याला लागू असेल तर त्याच विटा-चुन्याच्या राहत्या वाड्याला तो वेगळा कसा असेल?

दुसरा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. चुन्याचे काम करणारा गवंडी मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी जास्त, काम सावकाश. हे खरे आहे आणि ते झटक्यात सुटणारेही नाही. पण खर्चाची तुलना एका वर्षाची करून चालत नाही. सिमेंटचा गिलावा दर सात-आठ वर्षांनी फुगून पडत असेल, प्रत्येक वेळी विटेचा एक थर घेऊन पडत असेल, आणि शेवटी तुळई बदलावी लागत असेल, तर ते काम स्वस्त कसे म्हणायचे? शिवाय सारा वाडा चुन्याने नव्याने करायला कुणी सांगत नाही. पुष्कळदा गरज असते ती वरच्या कडा, साण्याचा उंचवटा, पन्हळीची तोंडे आणि ओल धरलेल्या दोन-तीन भिंतींची. तेवढ्यापुरते काम केले तरी बाकीचे घर उन्हाळ्यात आपले आपण वाळू लागते. खरी अडचण मला वेगळीच वाटते. अनेक वाडे भाऊबंदकीत अडकलेले आहेत, सात-आठ हिस्सेदारांपैकी कुणीच छपरावर खर्च करत नाही, आणि गळणारे पन्हळ नेमके कुणाच्या वाट्याचे हे ठरेपर्यंत भिंत जाते. त्यावर चुन्याकडेही उत्तर नाही.

तिसरा आक्षेप जिवाचा आहे, म्हणून तो सर्वांत गंभीर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली गाडली गेली. तेव्हापासून धाब्याच्या घराची धास्ती सगळ्या मराठवाड्याला आणि नगरलाही आहे, आणि ती रास्त आहे. अतिवृष्टीत माळवद कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगावच्या बाजूला जो पाऊस झाला, तशा पावसात पाणी पिऊन फुगलेले मातीचे छप्पर म्हणजे डोक्यावर टांगलेले ओझे. पण धोका कशाचा आहे ते नेमके सांगितले पाहिजे. दर वर्षी गळती थांबवायला मातीचा नवा थर टाकायचा आणि जुना काढायचा नाही, अशाने धाबे पिढ्यान्पिढ्या जड होत जाते. त्याखालच्या तुळयांची टोके ओल्या भिंतीत कुजलेली असतात. जड छप्पर आणि कुजका आधार ही जोडी माणसे मारते. किल्लारीतही जिथे लाकडी खांबांचा सांगाडा भक्कम होता तिथे छप्पर तोलले जाऊन माणसे वाचल्याची उदाहरणे आहेत. म्हणून जुन्या घराच्या दुरुस्तीत पहिले काम जादा माती उतरवण्याचे आणि तुळयांची टोके तपासण्याचे. टोक कुजले असेल, भिंत ओळंब्यातून बाहेर गेली असेल, खालून वरपर्यंत आरपार भेग असेल, तर तिथे राहणे थांबवून आधी अभियंत्याला दाखवावे. अशा घरात चुन्याचा किंवा सिमेंटचा लेप देणे म्हणजे धोका झाकून ठेवणे.

ज्या घराचा सांगाडा ठीक आहे त्याची दुरुस्ती वरून खाली करत यायची. पावसाळ्यात एका मोठ्या सरीनंतर घरभर फिरून पाणी कुठून उतरते ते पाहून खूण करून ठेवावी, कारण कोरड्या दिवसांत ते सापडत नाही. भिंतीत रुजलेले पिंपळ, वड, उंबर उपटू नयेत. उपटताना विटाही निघतात. ते बुडाशी कापून, मूळ मारून, मग हळूहळू मोकळे करावे. प्रत्यक्ष चुन्याचे काम दसरा-दिवाळीनंतर माघापर्यंत करावे. भर पावसात चुना धुपतो आणि वैशाखाच्या उन्हात तो धरण्याआधीच सुकून भुगा होतो. सिमेंटची दर्जा छिन्नी-हातोडीने हलक्या हाताने काढावी. ग्राइंडरने काढली तर विटेच्या कडा जातात आणि विटेची भाजलेली साल गेली की आतला मऊ भाग उघडा पडतो. दर्जा तिच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट खोल, म्हणजे साधारण एक इंचभर मोकळी करून, धूळ झाडून, पाणी शिंपडून मग चुना दाबून भरावा. एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग चांगली चाळलेली वाळू, आणि वरच्या कडा, साण्याचा उंचवटा अशा पावसाच्या जागी वाळूचा काही भाग काढून त्याऐवजी सुरखी. चुना विटेच्या तोंडावर पसरू नये, किंचित आतच राहावा. मग ओले गोणपाट टांगून किमान आठवडाभर दमट ठेवावा. वरून आठवड्यात कडक झाला तरी चुना हवेतला कर्बवायू घेत आतपर्यंत पक्का व्हायला काही महिने घेतो, म्हणून घाईने त्यावर रंग चढवू नये. रंगही द्यायचा तर चुन्याचाच.

साहित्याबाबत एक सावधगिरी. रंगाच्या दुकानात पिशवीतून मिळणारा पांढरा चुना बऱ्याचदा जुना, हवा लागून मेलेला असतो. तो सफेदीला चालेल, दर्जेला नाही. कळीचा चुना आणून हौदात विरवावा आणि पाण्याखाली निदान दोन आठवडे मुरू द्यावा, जितका जास्त मुरेल तितका चांगला. विरवताना तो पाणी उकळेल इतका तापतो आणि उडालेला थेंब डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा, हातमोजे घातल्याशिवाय आणि मुलांना दूर केल्याशिवाय हे काम सुरूच करू नये. ज्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आहेत त्यांनी तर चुन्याऐवजी मातीचाच गिलावा करावा, पावसाच्या बाजूला हवे तर वर चुन्याचा पातळ हात. आणि घर मुळातच सिमेंटमध्ये बांधलेले असेल, म्हणजे गेल्या पन्नास-साठ वर्षांतले, तर यातले काहीच लागू नाही. तिथे सिमेंटच योग्य.

या जिल्ह्यात कोपरगावला राघोबादादांचा वाडा आहे, जामगावला महादजी शिंद्यांचा, चौंडीला अहिल्याबाईंच्या जन्माचा. त्यांच्याकडे सरकारचे आणि इतिहासप्रेमींचे लक्ष जाते, जायलाच हवे. पण जिल्ह्याचा खरा वास्तुठेवा नाव नसलेल्या शेकडो घरांत आहे, आणि त्यांची दुरुस्ती पुरातत्त्व खाते करणार नाही, गावचा गवंडी करणार आहे. पंतप्रधान आवास योजनेतून ग्रामीण भागात नव्या पक्क्या घरासाठी सपाटीच्या प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साह्य मिळते. ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नाही त्यांना ते मिळालेच पाहिजे. त्याच्या जोडीला जुने पण सावरता येण्यासारखे घर सावरायलाही हात मिळावा. तालुक्यातालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, बांधकामाचे अभ्यासक्रम आहेत. त्यांत चुन्याच्या कामाचा महिनाभराचा भाग घालायला मोठा खर्च येणार नाही. चुना विरवणे, मळणे, दर्जा भरणे जाणणारे म्हातारे गवंडी आणि वडार समाजातले कारागीर अजून काही गावांत आहेत. त्यांच्या हातात काम आहे तोवर त्यांना मानधन देऊन चार तरुण गवंडी त्यांच्याजवळ शिकायला बसवावेत, अशी जिल्हा परिषदेला, नगरपालिकांना आणि ज्यांच्या वाड्याचे काम या दिवाळीनंतर निघणार आहे त्या प्रत्येकाला विनंती.